ह्यात झांजच नाही

माझं यवतमाळला चष्म्याचं दुकान आहे. दुकानात येणाऱ्यांपैकी फार थोडे सांगतात की त्यांना दिसत नाही. बाकीच्यांची तक्रार पेपरवाल्यांबद्दल असते, की त्यांनी अक्षरं बारीक केली. औषधाच्या पाकिटावर म्हणे मुद्दाम वाचता येऊ नये असं छापतात. हल्लीच्या सुयांना नीट भोकच पाडत नाहीत. मी मान डोलावतो, काच बदलतो आणि तोच पेपर पुन्हा पुढे धरतो. गिऱ्हाईक वाचतं आणि म्हणतं, "हा पेपर बराबर छापेल आहे." त्यांच्याशी वाद घालायचा नसतो, हे मी धंद्यात लवकरच शिकलो.

रोज हे बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या दोस्ताच्या बाबतीत इतके दिवस काही कळू नये, ह्याचा मला अजून संताप येतो.

आम्ही तिघं दोस्त कॉलेजापासूनचे, आणि तिघंही हेवी मेटल ऐकणारे. ज्यांना हे संगीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: करकरणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारी, दोन्ही पायांनी बडवलेले ड्रम आणि गळ्याची पर्वा न करता ओरडणारा माणूस. आमच्या तरुणपणी यवतमाळात हे ऐकणारे आम्ही तिघंच आहोत असा आमचा समज होता, आणि तो खोटा ठरवायला कोणी आलं नाही. पन्नाशी आली तरी आवड सुटली नाही. पोट सुटल्यामुळे काळे टीशर्ट मोठ्या मापाचे घ्यावे लागतात, आणि सोयरिकीच्या बैठकीला ते घालून जायचं नाही अशी घरून ताकीद असते, एवढंच.

आमच्यातला एक एसटीत कंडक्टर आहे, झरी जामणीकडच्या गाडीवर. तांड्यावरचा माणूस. त्याची याडी, म्हणजे आई, अजून त्याला विचारते की हा गाणारा एवढा चिडला कोणावर. दुसरा साउंडवाला. लग्न, बारसं, सभा, जयंती, जिथं माईक लागतो तिथं ह्याचे डबे जातात. डबे म्हणजे स्पीकर. त्याच्या वडिलांची वरातीतली बँड पार्टी होती आणि शाळेत असताना तो त्या बँडमध्ये झांज वाजवायचा. मेटल त्याला आवडलं तेसुद्धा झांजेमुळेच. ड्रमवाल्याच्या डोक्याशी ज्या पितळी थाळ्या लावलेल्या असतात त्यांना जग काहीही म्हणो, आम्ही झांजाच म्हणतो.

गाण्याच्या बाबतीत तो आमचा न्यायाधीश. कॉलेजात असतानाच त्यानं आम्हाला शिकवलं होतं, "ड्रम कोणीबी बडवते बे. हात कळते तो झांजीवर." तेव्हापासून कुठलंही गाणं आलं की आम्ही आधी झांज ऐकायची. झांजेची खास जागा आली की तो उजव्या हाताचं बोट वर करायचा, आणि पाठोपाठ आम्ही दोघंही करायचो. मग तो निकाल द्यायचा आणि आम्ही म्हणायचो, "बराबर."

दर रविवारी दुपारी आम्ही त्याच्या गोदामात जमतो, कळंब रोडला. नवीन बँड ऐकायची आमची एक रीत आहे. ज्यानं गाणं आणलं त्यानं बँडचं नाव सांगायचं नाही. गाणं लावायचं आणि येऊन बसायचं. तिन्ही खुर्च्यांची तोंडं भिंतीकडे असतात. डबे, मिक्सर, फोन सगळं पाठीमागे. गाणं संपेपर्यंत मागे वळायचं नाही आणि मिक्सरला हात लावायचा नाही. हल्लीचे बँड मुखवटे घालतात, अंगभर गोंदवतात, स्टेजवर धूर सोडतात. गाण्यातलं खोटं झाकायला हा सगळा खटाटोप चालतो, अशी आमची खात्री. म्हणून भिंत.

आम्ही संशयी आहोत हे मी नाकारत नाही. आम्हाला एक-एक कॅसेट मिळवायला किती मिनतवारी करावी लागायची! नागपूरला कोणाचा तरी चुलतभाऊ शिकायला असायचा, त्याच्या खोलीतल्या कोणाकडे तरी कॅसेट असायची, तिच्यावरून कॉपी, त्या कॉपीवरून आणखी कॉपी, आणि ती एसटीतून वरच्या खिशात ठेवून आणायची. आताच्या पोरांना बसल्या जागी सगळं मिळतं, आणि जे बसल्या जागी मिळतं ते बसल्या जागीच बनवलेलं असणार, असा आमचा हिशेब. ह्यांचे ड्रम जरा जास्तच सरळ चालतात. माणसाचा पाय कधीतरी थकेल, चुकेल, ह्यांचा चुकत नाही. गाणारा अर्धं गाणं भसाड्या आवाजात ओरडतो आणि मधेच लग्नाच्या ऑर्केस्ट्रासारखा गोड होतो; मग पहिला राग खरा की नंतरचं लाडात येणं? गिटारींना तारा वाढल्या, पण एकही तार लक्षात राहत नाही. कंडक्टरचं म्हणणं ह्याहून पुढचं. तो म्हणतो, "अर्ध्या बँडात माणसंच नाईत. कॉम्प्युटरले सांगतलं, बनव, त्यानं बनवलं. तिकीट आहे, पाशिंजर नाई."

हे आमचं नेहमीचं चालायचं आणि त्यात मजा होती. पण मागच्या काही महिन्यांत निकाल एकाच वाक्यावर येऊन थांबायला लागला. कुठलंही नवं गाणं लावा, साउंडवाला शेवटपर्यंत ऐकायचा आणि म्हणायचा, "ह्यात झांजच नाही."

पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी "बराबर" म्हणालो. कंडक्टरही म्हणाला. पण मला झांज ऐकू आली होती.

पुढच्या रविवारीही तेच. मग कंडक्टरच्या मुलीनं पुण्याहून एका नव्या बँडचं गाणं पाठवलं. त्यात ड्रमवर एक मुलगी होती, हे आम्हाला नंतर कळलं. भिंतीकडे तोंड करून ऐकताना मला त्या गाण्यात झांजेचं इतकं नाजूक काम ऐकू आलं की माझं बोट आपोआप वर निघालं होतं. शेजारी पाहिलं तर साउंडवाल्याचे दोन्ही हात मांडीवर. मी बोट नाकाला लावून खाजवल्यासारखं केलं. गाणं संपल्यावर तो म्हणाला, "वरचं सगळं कापलं आहे बे ह्यायनं. नुसती गिटार कोंबली. झांजच नाही ह्यात."

"बराबर," कंडक्टर म्हणाला.

मीही म्हणालो. आणि तुम्ही हसाल, पण संशय मला त्याच्या कानांचा आला नाही. माझ्या आला. ज्या माणसानं मला झांज ऐकायला शिकवलं त्याला ती ऐकू येत नाही आणि मला येते, म्हणजे माझ्याच कानात काहीतरी वाजत असणार. आमच्या मामांना असं व्हायचं, त्यांच्या कानात सारखी रातकिड्यांची किरकिर असायची. घरी येऊन मी बायकोला ते गाणं ऐकवलं. तिला मेटल अजिबात सोसत नाही. ती हातातली भाजी न सोडता म्हणाली, "काय आयकायचं ह्यात? थे वरून टिन टिन वाजून राह्यलं थे?" तरी माझं समाधान होईना. तिचेही कान बिघडले असतील. मी संशयी आहे हे वर सांगितलंच आहे.

शेवटी मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी दाबत राहिलो. बाहेर आल्यावर ते म्हणाले, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. मी त्यांना विचारलं, की मग जे नाही ते ऐकू येणं हा कुठला आजार? ते हसले. म्हणाले, "उलटं असतं हो बहुतेकांचं. जे आहे ते ऐकू येत नाही. आणि जाताना आधी बारीक आवाज जातात. चिमण्या, पैंजण, कुकरची शिट्टी. ज्यांचं आयुष्य मोठ्या आवाजात गेलंय त्यांचे तर लवकर. बोलणं ऐकू येत असतं, म्हणून त्यांना पत्ताच लागत नाही. त्यांना वाटतं, चिमण्याच कमी झाल्या."

मी फी देऊन खाली आलो आणि स्कूटर सुरू न करता तिच्यावर बसून राहिलो. पेपरवाल्यांनी अक्षरं बारीक केली. सुईला भोक नाही. ह्यात झांज नाही.

त्याच आठवड्यात आमच्या वस्तीतल्या जयंती समितीचे एक भाऊ दुकानात आले. आमच्या वस्तीतल्या जयंतीचा साउंड पहिल्यापासून माझा दोस्तच करत आला आहे. वडिलांचा बँड मोडला आणि त्यानं स्वतःचे डबे घेतले तेव्हा त्याला पहिला कार्यक्रम दिला तो आमच्या वस्तीनं. दुसरीकडे कितीही मोठं काम आलं तरी त्या दिवशी तो आमच्याकडेच असतो. विहारासमोर डबे लावताना तो कोणाला हात लावू देत नाही. समितीचे भाऊ चष्म्याची दांडी घट्ट करून घेत म्हणाले, "वाईट नोको वाटून घेऊ, पण ह्या वर्षी दुसरा साउंडवाला पाहून राह्यलो. मागच्या बारीले कान फाडले ना त्यानं. बाया गाणं म्हनत होत्या तं शब्द समजत नोयते, नुसतं कर्र कर्र. सांगतलं तं म्हनते, डबे बराबर आहेत, तुमीच माईकवर ओरडून राह्यले."

मला मागची जयंती आठवली. म्हाताऱ्या बाया पदर कानाशी धरून बसल्या होत्या. मी तेव्हा मनात माईकांनाच शिव्या दिल्या होत्या. त्याला वरचा आवाज कमी ऐकू येत होता, म्हणून तो वरचा आवाज वाढवत होता, इतकं ते साधं होतं.

"कोणाले सांगू नका अजून," मी भाऊंना म्हणालो. "मी बोलतो त्याच्याशी."

बोलतो म्हणालो खरा, पण काय बोलणार? साउंडवाल्याला तुझे कान गेले म्हणून कसं सांगायचं? त्यातून मला एक शंका सतावत होती. जुनी गाणी ऐकताना त्याचं बोट अजूनही नेमक्या जागी वर जात होतं. एकदाही चुकत नव्हतं. ऐकू येत नसेल तर ते कसं? मी आता त्याच्यावर पाळत ठेवायला लागलो. गोदामाच्या दारात टेम्पो मागे घेताना रिव्हर्सची किणकिण वाजते, तो तिकडे वळतो का? फोन टेबलावर वाजला तर आधी पाहतो की आधी ऐकतो? आपण बोलताना तो ओठांकडे बघतो, हे पूर्वीपासूनच होतं की आताचं? मित्रावर पाळत ठेवण्यासारखं ओंगळ काम नाही. 

शेवटी एका रविवारी मी ते केलं. जुनंच गाणं लावायची माझी पाळी होती. आमचं सगळ्यात लाडकं गाणं, हल्ली फोनवर स्वच्छ मिळतं ते. मी गाणं सुरू केलं आणि खुर्चीकडे गेलोच नाही. ते दोघं भिंतीकडे तोंड करून बसले होते. गिटारीची सुरुवात झाली, ड्रम आले, आणि झांजेची जागा जवळ आली तसं मी मिक्सरवरचं ट्रेबलचं बटण हळूच पार खाली नेलं. वरचा सगळा आवाज गेला. गाणं घोंगडीखाली घातल्यासारखं वाजायला लागलं. झांज नावालाही उरली नाही.

त्याचं बोट वर गेलं. अगदी नेमक्या जागी.

"आयक," तो भिंतीला म्हणाला, "हे झांज आयक. हे नाही भेटत आजकाल."

आवाज बदललेला ऐकून कंडक्टर मात्र मागे वळला होता. त्यानं माझा हात बटणावर पाहिला, मग साउंडवाल्याचं वर गेलेलं बोट पाहिलं.  मी बटण पूर्ववत केलं. मला रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू. जुन्या गाण्यातली झांज त्याला ऐकू येत नव्हती, ती त्याला पाठ होती. नव्यातली पाठ नव्हती, म्हणून ती तिथे नव्हतीच.

मग आम्ही त्याला सांगितलं. म्हणजे मी सांगितलं, कंडक्टर छताकडे बघत बसला. दुकानात मी कधी कोणाला तुमचे डोळे गेले असं म्हणत नाही; इथे मी सगळंच एका दमात बोललो. डॉक्टर, जयंती, बाया, ट्रेबलचं बटण. तो शांतपणे ऐकत होता, माझ्या ओठांकडे बघत. बटणाचं नाव निघालं तसा तो उठला.

"भिंतीकडं तोंड करून बसलेल्या माणसाच्या मागं बटन फिरवलं तू?"

"तुले कळावं म्हणून–"

"हात लावाचा नाई, असं ठरलं होतं का नाई? इतक्या वर्षांत मी कधी मागं पाह्यलं का? कधी?" तो कंडक्टरकडे वळला. "आन् तू पाहून राह्यला होता. दोघंबी मिळेल आहात. कानाचं राहू दे. आता मी भिंतीकडं तोंड करून कोणाच्या भरोशावर बसू?"

 त्यानं डब्यांची मेन वायर काढली, आणि आम्ही आपापल्या गाड्यांवर बसून घरी आलो.

नंतरचे रविवार फार वाईट गेले. कंडक्टर माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि आम्ही दोघं एकेका कानात हेडफोनचं एकेक बोंड घालून नवी गाणी ऐकायचो. झांज असली तरी बोट वर करावंसं वाटायचं नाही. कंडक्टर म्हणायचा, "तुले कायले एवढी घाई झालती? हळू सांगतलं असतं." मी म्हणायचो, तूच सांगायचं होतंस. जयंती जवळ आली. समितीचे भाऊ रोज दुकानासमोरून जाताना भुवया उंचावून विचारायचे आणि मी हातानंच थांबा म्हणायचो.

एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. साउंडवाला आत आला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. हातात कापडी पिशवी होती. पिशवीतून त्यानं वडिलांच्या बँडमधल्या झांजा काढल्या. पितळ काळं पडलेलं, मुठीच्या दोऱ्या नव्या बांधलेल्या. त्यानं माझ्याकडे न बघता एकीवर दुसरी हलकेच मारली. दुकानभर नाद घुमला, फ्रेमच्या काचा किणकिणल्या. तो खाली बघून थांबला होता.

"अजून वाजून राह्यली का?" त्यानं विचारलं.

"हो."

"आता?"

"हो. आता बंद झाली."

"मले पह्यला ठोका येते फकस्त," तो म्हणाला. "नंतरचं लांबत जाते ना, थे नाई येत. हाताले थरथर लागते. गोदामात एकटा बसून मारून पाह्यली. मले वाटलं, पितळ खराब झालं." मग म्हणाला, "बा म्हणे, ठोका तं कोणीबी मारते, लांबवता आलं पाह्यजे."

मी काउंटरच्या बाहेर आलो. 

"तुह्याकडं डोळ्याचं भेटते," तो म्हणाला. "कानाचं कुठं भेटते?"

मी दुकान तसंच शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या भरवशावर सोडलं आणि त्याला स्कूटरवर घेऊन गेलो. मागे बसून तो सगळ्या रस्ताभर डॉक्टरांबद्दल शंका काढत होता. कानाच्या मशीनवाल्यांचं ह्यांच्याशी साटंलोटं असणार. काचेच्या खोलीत मुद्दाम आवाज कमी सोडत असणार. मला इतकं बरं वाटत होतं की मी प्रत्येक शंकेला हो म्हणत होतो.

जयंतीला त्यानंच डबे लावले, आणि सगळं नीट पार पडलं. कानात मशीन होतं, वर टोपी ओढलेली. तरी मशीनवर त्याचा विश्वास नव्हताच. त्यानं कंडक्टरला पार मागे, म्हाताऱ्या बाया बसतात तिथं उभं केलं होतं आणि आवाज चिरका झाला की हात वर करायला सांगितलं होतं. गाणाऱ्या बायांचा शब्द न् शब्द विहाराच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू येत होता. कोणी पदर कानाला लावला नाही. समितीचे भाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "नवे डबे घेतले वाटते त्यानं." मी हो म्हणालो.

त्यानंतरच्या रविवारी त्यानं स्वतः फोन केला. आम्ही गेलो तर खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडलेल्या होत्या. फक्त मिक्सर आता पुढे आणला होता, भिंतीला टेकवून, तिघांनाही दिसेल असा. 

"थे पुण्याचं लाव," तो कंडक्टरला म्हणाला. मुलीनं पाठवलेलं ते गाणं. कंडक्टरनं लावलं. साउंडवाला टोपी काढून, डोळे मिटून ऐकत होता. झांजेची ती नाजूक जागा आली आणि गेली. त्याचं बोट हललं नाही. गाणं संपलं. परत लाव म्हणाला. परत लावलं. ह्या वेळी बोट थोडंसं वर आलं, अर्ध्यावर थांबलं आणि खाली गेलं.

"झांज आहे," तो म्हणाला. "पोरगी चांगली वाजवते. गाणं मात्र बेकार आहे. थो गाणारा मधीच गोड गोड होते, त्याच्यावर माहा भरोसा नाई."

"बराबर!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. मला कधी नव्हे तो त्या नव्या बँडचा जिव्हाळा वाटला.

मग तो उठला आणि लोखंडी कपाटातून आमची कॅसेट काढली. तीच, आमच्या लाडक्या गाण्याची, कॉपीवरून कॉपी केलेली, नागपूरहून एसटीत आलेली. ती आम्ही वाजवत नाही, जपतो. आज तिचा मान होता. जुना डेक त्यानं आदल्या दिवशी साफ करून ठेवलेला. मशीन कानात नीट बसवलं आणि कॅसेट सुरू केली.

"हे सूं सूं कायचं आहे?" त्यानं लगेच विचारलं.

"टेपचा आवाज आहे तो," मी म्हणालो. "पहिल्यापासून आहे."

"एवढा नोयता."

गाणं सुरू झालं. गिटार आली, ड्रम आले. जागा जवळ आली तशी तिघांची बोटं वर गेली, इतक्या वर्षांच्या सवयीनं, एकदम.

झांज नव्हतीच.

नुसती टेपची सूं सूं, आणि तिच्याखाली ड्रमचा दबलेला ठोका. बारीक आवाज त्या कॉप्यांमध्ये कुठे गळून गेला होता, की टेप जुनी होत गेली तसा उडाला, कोण सांगणार. तिघांची बोटं वर राहिली होती. माझे कान तर डॉक्टरांनी उत्तम म्हटलेले. पण एका क्षणापूर्वी कोणी मला शपथेवर विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं की ह्या कॅसेटवर झांज आहे.

त्यानं कॅसेट थांबवली. मागे घेऊन पुन्हा लावली. पुन्हा नव्हती.

"मंग आपण काय आयकत होतो बे?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. तो खरोखरच विचारत होता.

कंडक्टर म्हणाला, "पह्यले असन. झिजली असन."

"असन," तो म्हणाला. पण त्याचा विश्वास बसला नव्हता, आमचाही नाही.

 मग त्यानं पिशवीतून वडिलांच्या झांजा काढल्या, कॅसेट पुन्हा सुरुवातीपासून लावली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आम्हीही वळलो. गिटार आली, ड्रम आले, आणि त्या जागेवर त्यानं झांज मारली. एकच. मग हात लांबवून, पितळ मोकळं सोडून तो तसाच उभा राहिला.

नाद डब्यांवरून गेला, पत्र्यावरून गेला, बारीक होत गेला. गाणं पुढे निघून गेलं होतं, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मला वाटलं संपला, म्हणून मी काही बोलायला तोंड उघडलं. त्यानं मागे न बघता बोट वर केलं.

"थांब," तो म्हणाला. "अजून आहे."

मला काही ऐकू येत नव्हतं.

"बराबर," मी म्हणालो.